रायगडातला जुना हायड्रोजन: निकेल, मिथेन आणि कार्बनचा हिशेब

हायड्रोजनला ‘उद्याचे इंधन’ म्हणण्याची आता रीतच पडली आहे. पेण-रोह्याच्या पट्ट्यात मात्र हा वायू गेली तीस-चाळीस वर्षे रोज तयार होतो आणि तयार होताच वापरलाही जातो. पेण तालुक्यात डोलवीला तो लोहखनिजातून लोखंड काढतो. शेजारच्या अलिबाग तालुक्यात थळला त्याचा अमोनिया आणि पुढे युरिया होतो. रोहा तालुक्यात नागोठण्याच्या गॅस क्रॅकरमध्ये इथिलीनबरोबर तो आपोआप बाहेर पडतो, आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंग व औषधांच्या मध्यस्थ रसायनांसाठी अशा वायूची गरज असते. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते त्या साळावलाही वायूवर चालणारा लोखंडाचा कारखाना आहे. डोलवी, थळ आणि साळाव या तिन्ही ठिकाणच्या प्रक्रियांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तापलेल्या निकेलवर मिथेन तोडणे.

हिरव्या हायड्रोजनच्या घोषणा आपण रोज वाचतो. पण आपल्या जिल्ह्यातला चालू हायड्रोजन कसा बनतो, त्यातला कार्बन कुठे जातो आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातले काय बदलता येईल, याची चर्चा क्वचितच होते. या लेखात त्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घेतला आहे.

एक अभिक्रिया, सव्वाशे वर्षे

मिथेनच्या रेणूत कार्बनच्या एका अणूभोवती हायड्रोजनचे चार अणू असतात. मिथेनचा एक रेणू पाण्याच्या वाफेच्या एका रेणूशी जुळला की कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. कारखान्यात याला ‘स्टीम रिफॉर्मिंग’ म्हणतात. ही अभिक्रिया उष्णता खाते, दर मोलला २०६ किलोज्यूल. म्हणून ती ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या घरात चालवावी लागते. पुढच्या टप्प्यात, म्हणजे ‘शिफ्ट’मध्ये, कार्बन मोनॉक्साइड पुन्हा वाफेशी जुळतो. त्यातून आणखी एक हायड्रोजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. एकूण जमाखर्च असा: एका मिथेनमागे चार हायड्रोजन आणि एक कार्बन डायऑक्साइड.

हे काम निकेल करू शकते हे लुडविग मॉन्ड आणि कार्ल लँगर यांच्या लक्षात १८८९ च्या सुमारास आले. फ्रान्समध्ये साबातिए आणि साँदरां यांनी १९०२ मध्ये उलटी वाट दाखवली: निकेलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र आणले तर पुन्हा मिथेन बनतो. साबातिए यांना १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. औद्योगिक प्रमाणावर मिथेनचे रिफॉर्मिंग १९३० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाले. तेव्हापासून आजपर्यंत जगातल्या बहुतेक रिफॉर्मरमध्ये निकेलच आहे. ऱ्होडियम आणि रुथेनियम या कामात निकेलहून सरस आहेत, पण शेकडो टन उत्प्रेरक भरायचा तर त्यांची किंमत परवडत नाही. लोखंड स्वस्त आहे, पण वाफेत त्याचे ऑक्साइड होते. निकेल हा या दोन टोकांमधला व्यवहारी पर्याय आहे, आणि त्याच्या खोडी सांभाळणे हीच या विद्येची निम्मी कथा आहे.

डोलवी: कार्बन डायऑक्साइडचाही उपयोग

पेणहून वडखळ मागे टाकले की धरमतरच्या खाडीकाठी डोलवीचा कारखाना दिसू लागतो. इस्पात इंडस्ट्रीजने येथे १९९४ मध्ये नैसर्गिक वायूवर चालणारे स्पंज आयर्न संयंत्र सुरू केले. तंत्र होते मिडरेक्स. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने इस्पात ताब्यात घेण्याचे जाहीर केले आणि पुढे कंपनी तिच्यात विलीन झाली. आज डोलवीत मोठ्या झोतभट्ट्याही आहेत आणि तिथले बरेचसे पोलाद कोकच्या वाटेने येते. पण वायूवरचे स्पंज आयर्न हा या जागेचा पहिला धंदा.

स्पंज आयर्न म्हणजे न वितळवता काढलेले लोखंड. उभ्या भट्टीत वरून लोहखनिजाच्या गोळ्या खाली सरकतात आणि खालून तापलेला हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड वर चढतो. हे दोन वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतात. गोळीचा आकार जवळपास तसाच राहतो, पण ती सच्छिद्र होते, आणि तिच्यातले ९२-९४ टक्के लोह धातुरूपात येते.

भट्टीच्या माथ्यावरून निघणाऱ्या वायूत न वापरलेल्या हायड्रोजन-मोनॉक्साइडबरोबर वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही असतो. डोनाल्ड बेग्ज यांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या मिडरेक्स प्रक्रियेचे वैशिष्ट्य असे की हा वायू धुऊन त्याचा मोठा भाग नैसर्गिक वायूत मिसळतात आणि पुन्हा रिफॉर्मरमध्ये पाठवतात. तिथे मिथेन वाफेबरोबर तुटतो, तसाच कार्बन डायऑक्साइडबरोबरही तुटतो, आणि दोन मोनॉक्साइड व दोन हायड्रोजन मिळतात. या दुसऱ्या वाटेला संशोधक ‘ड्राय रिफॉर्मिंग’ म्हणतात. ती आणखी उष्णता खाते, दर मोलला २४७ किलोज्यूल. हरितगृह वायू कामाला लावणारी अभिक्रिया म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत तिच्यावर हजारो शोधनिबंध निघाले. त्यांतले अनेक निबंध ती उद्योगात अजून रुळलेली नाही असे सांगून सुरू होतात. वाफेच्या जोडीने का होईना, पण तीच अभिक्रिया मिडरेक्सच्या नळ्यांत १९६९ पासून आणि पेण तालुक्यात १९९४ पासून चालू आहे. आपल्या भागातल्या तंत्रज्ञांनी कमावलेले हे कौशल्य आहे आणि त्याचे मोल आपण ओळखले पाहिजे.

नळीच्या आत

रिफॉर्मर म्हणजे विटांचे अस्तर असलेली अवाढव्य पेटी आणि तिच्यात ओळीने उभ्या केलेल्या शेकडो नळ्या. नळ्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांच्या बाहेर बर्नर पेटलेले आणि आत उत्प्रेरक भरलेला. उत्प्रेरक म्हणजे छिद्रे असलेली चिनी मातीसारखी छोटी कडी. ॲल्युमिना किंवा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या ॲल्युमिनेटवर साधारण १० ते २० टक्के निकेल बसवलेले असते. भरताना ते ऑक्साइडच्या रूपात असते. संयंत्र सुरू करताना हायड्रोजन सोडून त्याचे धातूत रूपांतर करतात, आणि मगच ते काम करू लागते.

उत्प्रेरक भरण्याचे काम हातघाईचे नाही. कडी दहा-बारा मीटर उंचीवरून नुसती ओतली तर फुटतात, म्हणून पूर्वापार पद्धत अशी की ती कापडी पिशवीत भरून दोरीने नळीच्या तळापर्यंत सोडायची आणि पिशवी उघडून वर ओढायची. मग प्रत्येक नळीतून हवा सोडून दाब किती पडतो ते मोजतात. एखादी नळी सरासरीपासून फार दूर असेल तर ती रिकामी करून पुन्हा भरतात. कारण ज्या नळीतून वायू कमी जाईल ती जास्त तापेल. नळी ठरलेल्या तापमानापेक्षा सातत्याने सुमारे २० अंश जास्त तापली तर तिचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

संयंत्र चालू असताना ऑपरेटर भट्टीच्या झरोक्यातून नळ्या बघत फिरतो. सगळ्या नळ्या एकसारख्या तापलेल्या दिसल्या तर ठीक. एखादीवर लालबुंद पट्टा किंवा डाग दिसला तर आतला निकेल तिथे काम करत नाही आणि उष्णता खाल्ली जात नाही, असे समजायचे. या एका नजरेत उत्प्रेरकाचे सगळे आजार दिसतात.

हे आजार तीन. पहिला गंधकाचा. निकेलच्या पृष्ठभागावर गंधक इतका घट्ट बसतो की दशलक्षात एक भागही जड जातो. म्हणून खत कारखान्यात वायू आधी झिंक ऑक्साइडच्या थरातून नेतात. दुसरा कार्बनचा. वाफ कमी पडली की मिथेन किंवा मोनॉक्साइड तुटून निकेलवर कार्बन साचतो. त्याचे बारीक तंतू वाढतात, कडी फुटतात आणि नळी तुंबते. तिसरा आजार तापमानाचा. निकेल १,४५५ अंशाला वितळते, पण ५९० अंशांच्या आसपासच त्याचे कण हलायला लागतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कामाचा पृष्ठभाग कमी होतो. रिफॉर्मर तर याच्याही वर चालतो. म्हणजे रोजच्या कामातच उत्प्रेरक म्हातारा होत असतो.

डोलवीसारख्या संयंत्रात कार्बनचा धोका जास्त, कारण वाफेचे प्रमाण खत कारखान्यापेक्षा कमी असते. त्यावरचा उपाय नळीच्या भरणीतच आहे. वायू खालून वर जातो. सर्वांत खाली निष्क्रिय कडी, त्यावर कमी क्रियाशील आणि शेवटी पूर्ण क्रियाशील. वायू पुरेसा तापल्यावरच त्याची खऱ्या निकेलशी गाठ पडते, आणि कार्बन साचण्याचा टप्पा टळतो. आणखी एक लक्षणीय बाब अशी की खनिजातून येणारा किंचित गंधक इथे उपयोगी पडतो. कार्बनचे तंतू वाढायला निकेलच्या अणूंचा मोठा समूह लागतो, तर मिथेन तुटायला लहान समूह पुरतो. थोडासा गंधक मोठे समूह मोडतो आणि लहान शिल्लक ठेवतो. डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीतले शास्त्रज्ञ येन्स रोस्ट्रुप-निल्सन यांनी हे तत्त्व उलगडले आणि त्यावर स्वतंत्र प्रक्रियाही उभी केली.

अलीकडचे संशोधन याच दिशेने गेले आहे. निकेलच्या पृष्ठभागावर सोन्याचे मोजके अणू पेरले तर कार्बन रोखता येतो, हे डॅनिश गटाने १९९८ मध्ये दाखवले. २०२० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकांच्या कडांवर निकेल-मॉलिब्डेनमचे कण बसवले आणि ८०० अंशाला ८५० तासांहून अधिक काळ ड्राय रिफॉर्मिंग चालवले. ८५० तास म्हणजे पस्तीस दिवस. कारखान्यातल्या उत्प्रेरकाने मात्र वर्षानुवर्षे टिकायचे असते. प्रयोगशाळा आणि कारखाना यांतले हे अंतर ध्यानात ठेवून अशा बातम्या वाचाव्यात.

थळ आणि साळाव

थळचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यात मुंबई हायच्या वायूवर उभा राहिला. तिथल्या दोन अमोनिया संयंत्रांची मूळ क्षमता दररोज प्रत्येकी १,३५० टनांची. अमोनियाच्या वजनात साडेसतरा टक्क्यांहून थोडा जास्त हायड्रोजन असतो. म्हणजे मूळ क्षमतेवरच रोज जवळपास पावणेपाचशे टन हायड्रोजन इथे बनवावा लागतो. अमोनियाच्या वाटेत निकेल तीनदा भेटते: पहिल्या रिफॉर्मरमध्ये, हवा सोडून मिथेनचा उरलेला अंश तोडणाऱ्या दुसऱ्या रिफॉर्मरमध्ये आणि शेवटी मिथेनेटरमध्ये. तिथे उरलासुरला मोनॉक्साइड साबातिए यांच्या उलट्या वाटेने मिथेन होतो, नाहीतर तो पुढचा लोखंडी उत्प्रेरक मारतो.

खत कारखान्यात कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग वायूतून वेगळा काढावाच लागतो. तो वाया जात नाही, कारण एक टन युरियाला सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. पण युरिया शेतात पडला की तोच कार्बन डायऑक्साइड काही दिवसांत हवेत जातो. म्हणून याला ‘साठवण’ म्हणता येत नाही. यातून एक अडचणही निघते. उद्या थळसारखा कारखाना पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनवर चालवायचा म्हटले, तर अमोनिया मिळेल, पण युरियासाठीचा कार्बन डायऑक्साइड कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो.

साळावचा कारखाना १९९३ मध्ये विक्रम इस्पात या नावाने सुरू झाला, पुढे वेलस्पनकडे गेला आणि २०१४ मध्ये जेएसडब्ल्यूकडे आला. इथले तंत्र मेक्सिकोतून आलेले, एचवायएल. या पद्धतीत भट्टीच्या वायूतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणे प्रक्रियेचाच भाग आहे. त्यामुळे तो पकडायला वेगळा खटाटोप लागत नाही. साळावला रोज सुमारे १०० टन कार्बन डायऑक्साइड पकडून खाद्य-पेय उद्योगाला देण्याची सोय झाली आहे. थंड पेयाच्या बाटलीतून तो शेवटी हवेतच जातो, पण पकडण्याचे तंत्र जिल्ह्यात हाताळले जात आहे ही जमेची बाजू.

नागोठणे आणि धाटाव

नागोठण्याच्या गॅस क्रॅकरमध्ये इथेन-प्रोपेन उत्प्रेरकाविना तापवून तोडतात आणि इथिलीन-प्रोपिलीन काढतात. हायड्रोजन इथे जोडउत्पादन. अशा कारखान्यांत त्या हायड्रोजनमधला मोनॉक्साइड निकेलच्या मिथेनेटरमध्ये काढतात. आयपीसीएलने उभा केलेला आणि आता रिलायन्सकडे असलेला हा प्रकल्प रोहेकरांच्या लक्षात आणखी एका कारणाने आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये इथे वायुगळतीनंतर स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. हायड्रोजनच्या नव्या प्रकल्पांची चर्चा करताना हा इतिहास पहिल्या पानावर असायला हवा. हायड्रोजनला पेट घ्यायला इथेनपेक्षाही कमी ठिणगी पुरते आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही.

धाटावसारख्या वसाहतीतली गरज वेगळी. नायट्रो संयुगांपासून अमाइन बनवायला पूर्वी लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरत. त्यातून लोहमिश्रित गाळाचे ढीग उरत. हायड्रोजन वापरला तर उरते ते पाणी. कुंडलिकेने रासायनिक सांडपाण्याचा जो भार सोसला, तो बघता हा बदल नदीच्या भल्याचा आहे. पण लहान कारखान्याला स्वतःचा रिफॉर्मर परवडत नाही. त्याला सिलिंडरने किंवा टँकरने येणारा महाग हायड्रोजन घ्यावा लागतो.

वायू कुणाच्या वाट्याला

मुंबई हायचा शोध १९७४ चा. तिथला वायू उरणला किनाऱ्यावर आला आणि रायगडचे हे उद्योग उभे राहिले. त्यांचे नशीब तेव्हापासून वायूच्या वाटपाशी बांधले गेले. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा वायू आला तेव्हा आशा वाढली. २०११ मध्ये उत्पादन घसरताच सरकारने खते आणि वीज यांना प्राधान्य दिले आणि पोलाद उद्योगाचा त्या वायूतला वाटा बंद झाला. साळावचे संयंत्र वायूअभावी बंद पडण्याची वेळ आली. डोलवीत कोक ओव्हनमधून निघणारा वायू मिडरेक्स भट्टीत वापरण्याची सोय झाली. त्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो आणि चांगला चतुर्थांश मिथेन.

स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, पण त्यातला फार मोठा भाग कोळशाच्या फिरत्या भट्ट्यांतून येतो. वायू महाग आणि कोळसा हाताशी, हे त्याचे साधे कारण. म्हणून वायूवरची डोलवी-साळावची संयंत्रे कार्बनच्या दृष्टीने देशातल्या बऱ्या बाजूला आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

कार्बनचे काय करायचे: चार वाटा

मिथेनपासून एक किलो हायड्रोजन काढताना इंधन धरून साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे हिरव्या हायड्रोजनसाठी ही मर्यादा किलोमागे २ किलो आहे. हे अंतर भरून काढायच्या चार वाटा आज समोर आहेत.

पहिली वाट कार्बन पकडून जमिनीत पुरण्याची. वायूच्या प्रवाहातला कार्बन डायऑक्साइड पकडणे सोपे, भट्टीच्या धुरातला महाग. धुराचा भाग टाळण्यासाठी डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये विजेने तापणारी रिफॉर्मर नळी करून दाखवली गेली. रायगडच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, आणि बेसाल्टमध्ये कार्बन डायऑक्साइडचा दगड होऊ शकतो हे आइसलँडमध्ये सिद्ध झाले आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. पण आपल्या बेसाल्टमध्ये औद्योगिक प्रमाणावर साठवण सुरू झालेली नाही, आणि विहिरीतून कारखान्यापर्यंत येताना मिथेन गळत असेल तर पकडलेल्या कार्बनचा फायदा धुऊन जातो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो.

दुसरी वाट मिथेन नुसताच तोडण्याची: वाफ नाही, हवा नाही, फक्त हायड्रोजन आणि घन कार्बन. एका किलो हायड्रोजनमागे ३ किलो कार्बन. लागणारी ऊर्जा पाण्याच्या विघटनाच्या जेमतेम सातव्या हिश्श्याची, म्हणून ही वाट फार आकर्षक दिसते. निकेल हे काम ५००-७०० अंशालाच करते, पण कार्बनचे तंतू निकेलच्या कणाला टोकावर उचलून घेतात आणि उत्प्रेरक त्यांच्याबरोबर निघून जातो. तो कार्बन जाळून निकेल मोकळे करायचे तर पुन्हा कार्बन डायऑक्साइड आलाच. कॅलिफोर्नियातल्या गटाने २०१७ मध्ये यावर सुंदर तोडगा सुचवला: वितळलेल्या निकेल-बिस्मथच्या स्तंभातून मिथेनचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे कार्बन सायीसारखा वर तरंगतो. १,०६५ अंशाला ९५ टक्के मिथेन तुटला. अडचण कार्बनच्या खपाची आहे. दहा लाख टन लोखंडाला पुरेल इतका हायड्रोजन या वाटेने काढला तर वर्षाला एक लाख साठ हजार टन कार्बन उरेल. त्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ही वाट मोठ्या प्रमाणावर चालणार नाही.

तिसरी वाट बायोगॅसची. भाताचा पेंढा, मासळी बाजाराचा आणि शहराचा ओला कचरा यांतून निघणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. डोलवीच्या नळ्यांत जे मिश्रण तुटते त्याच्या हे मिश्रण जवळचे आहे. गंधक आधी काढावा लागेल, आणि माल पुरवण्याची व्यवस्था बसवावी लागेल. पोलाद कारखान्याची भूक यातून भागणार नाही. पण धाटावच्या लहान कारखान्यांना सिलिंडरऐवजी वसाहतीतल्या एका सामायिक रिफॉर्मरमधून हायड्रोजन देता येईल इतके हे प्रमाण असू शकते. चारही वाटांमध्ये पेण-रोह्याला स्वतःच्या बळावर सुरू करता येईल अशी हीच एक आहे.

चौथी वाट पाण्याच्या विद्युत विघटनाची. केंद्राने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये स्वतःचे धोरण आणले. त्या वेळी राज्याची हायड्रोजनची मागणी वर्षाला ५ लाख २० हजार टन असल्याचे सांगितले गेले. २०२५ च्या लिलावांत हिरव्या अमोनियाचे दर किलोला ५० ते ६५ रुपयांच्या घरात आले, म्हणजे ही वाट आता केवळ कागदावर राहिलेली नाही. जेएसडब्ल्यूचा पहिला मोठा हिरवा हायड्रोजन प्रकल्प कर्नाटकात विजयनगरला आहे, आणि साळावला हिरव्या पोलादाचा कारखाना उभारण्याचा मानस कंपनीने जाहीर केला आहे.

पण आकडे मांडून पाहू. एक टन लोखंड निव्वळ हायड्रोजनने काढायला किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो. दहा लाख टनांना ५४,००० टन. किलोमागे ५०-५५ युनिट वीज धरली तर वर्षाला सुमारे २९० कोटी युनिट, म्हणजे अहोरात्र ३३० मेगावॉट. ती सौर विजेतून आणायची तर दीड हजार मेगावॉटच्या आसपास क्षमता उभारावी लागेल आणि हजारो एकर जमीन लागेल. ती जमीन पेणच्या खारपट्टीत मिळेल असे कुणी गृहीत धरू नये. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझला जमीन देण्याबद्दलच्या सार्वमतात आपले मन स्पष्ट सांगितले आहे. वीज बाहेरून आणावी लागेल, आणि ती खरोखर हिरवी आहे याची तासागणिक नोंद ठेवावी लागेल.

निकेलचाही हिशेब

कार्बनइतकीच चर्चा निकेलची व्हायला हवी. भारतात निकेलची स्वतःची खाण चालत नाही. गोव्यात कुंकळ्ळीचा निकोमेट कारखाना वेदान्तने डिसेंबर २०२१ मध्ये घेतला तेव्हा देशातला तोच एकमेव निकेल उत्पादक म्हणून त्याची ओळख होती. आयुष्य संपलेला उत्प्रेरक घातक कचऱ्याच्या नियमांत येतो. निकेलची धूळ श्वासातून जाणे कर्करोगाला निमंत्रण देते. संयंत्र बंद करताना तापमान २०० अंशांखाली गेले आणि मोनॉक्साइड उरला असेल तर निकेल कार्बोनिल हा अतिविषारी वायू बनू शकतो. नळ्या रिकाम्या करण्याचे काम अनेकदा कंत्राटी कामगार करतात. त्यांना मास्क, माहिती आणि वैद्यकीय तपासणी मिळते की नाही हा सुरक्षिततेचा पहिला प्रश्न आहे. दुसरीकडे, या जुन्या कड्यांतले निकेल परत काढता येते. ते जमिनीत पुरण्यात ना शहाणपण आहे ना फायदा.

निष्कर्ष

पुढची किमान दहा-पंधरा वर्षे रायगडातला बहुतेक हायड्रोजन निकेलवर तुटणाऱ्या मिथेनमधूनच येईल. हे कबूल केल्याने हिरव्या हायड्रोजनचा पाडाव होत नाही, उलट कामाची यादी स्पष्ट होते. बाजारही आता कार्बनचा हिशेब मागतो आहे. युरोपची कार्बन सीमाकर आकारणी जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. केंद्राच्या डिसेंबर २०२४ च्या हिरव्या पोलादाच्या वर्गवारीत टनामागे २.२ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या पोलादाला एकही तारा नाही. ज्याच्याकडे मोजमाप असेल त्याचाच माल विकला जाईल.

म्हणून मागण्या तीन आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपण किती हायड्रोजन बनवतो, किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, किती मिथेन गळतो आणि वापरलेल्या निकेलचे काय करतो, याचा वार्षिक तक्ता मराठीत जाहीर करावा. औद्योगिक विकास महामंडळाने धाटावला बायोगॅसवरच्या सामायिक रिफॉर्मरची व्यवहार्यता तपासून तिचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. आणि लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाने, जिथे पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी शिकवली जाते, या कारखान्यांच्या साथीने उत्प्रेरकांचा अभ्यास हाती घ्यावा. झरोक्यातून नळी बघून आतला आजार ओळखणारी माणसे पेण, रोहा आणि अलिबागमध्ये आहेत. त्यांतली बरीचशी आता निवृत्तीला आली आहेत. त्यांचे ज्ञान पुढच्या पिढीच्या वहीत उतरले नाही, तर नवा हायड्रोजन आपल्या जिल्ह्यात येईल, पण तो चालवायला माणसे बाहेरून आणावी लागतील.